फेम्टोग्रॅम मोजणारा सेन्सर दूध संकलन केंद्रावर का पोचत नाही?

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणारे पदार्थविज्ञानात एम.एस्सी. झाले आहेत, घरी गाई-म्हशी आहेत, आणि पीएच.डी.साठी दुधातलं अफ्लाटॉक्सिन एम१ (बुरशीच्या विषापासून जनावराच्या शरीरात बनणारं) ओळखणारा ग्राफीनचा (कार्बनच्या एका अणूइतक्या पातळ थराचा) सेन्सर बनवायचं मनात आहे. वाचलेल्या शोधनिबंधांत मिलिलिटरमागे फेम्टोग्रॅमपर्यंत (नॅनोग्रॅमचा दहा लाखावा भाग) मोजल्याचे दावे आहेत. मग गावच्या डेअरीत अजून फॅट आणि एसएनएफच (स्निग्धांश सोडून उरलेले घन पदार्थ) का मोजतात? आणि या विषयात आता नवं काही करण्यासारखं उरलंय का?

उरलंय, भरपूर उरलंय. फक्त ‘अजून खालपर्यंत मोजणं’ त्यात येत नाही. बायोसेन्सरच्या कामात माझी बरीच वर्षं गेली आहेत, अर्धी प्रयोगशाळेत आणि अर्धी डेअरीवाल्यांशी हुज्जत घालण्यात. त्या दोन्हींच्या आधारे लिहितो.

आधी आकडे बघू. एफएसएसएआय या केंद्रीय अन्नसुरक्षा संस्थेची दुधातल्या एम१ ची मर्यादा किलोमागे ०.५ मायक्रोग्रॅम आहे, म्हणजे अर्धा पीपीबी (पीपीबी म्हणजे अब्जातला एक भाग). युरोपीय संघाची त्याच्या दहावा हिस्सा, ०.०५. एम१ चा रेणुभार ३२८ धरला तर आपली मर्यादा साधारण दीड नॅनोमोलर होते. मिलिलिटरच्या भाषेत सांगायचं तर ५०० पिकोग्रॅम, म्हणजेच पाच लाख फेम्टोग्रॅम. एक फेम्टोग्रॅम मोजणारा सेन्सर कायद्याच्या रेषेच्या पाच लाख पट खाली उभा आहे. युरोपची रेषा घेतली तरी पन्नास हजार पट. तिथलं मोजमाप कुणी मागितलेलंच नाही.

त्यात एक मेख आहे, ती शोधनिबंधातल्या आलेखाच्या आडव्या अक्षावर लपलेली असते. तो अक्ष लॉगरिदमचा असतो: एक फेम्टोग्रॅमपासून दहा नॅनोग्रॅमपर्यंत, सात दशकं (इथे एक दशक म्हणजे दहापट). सगळा सिग्नल या सात दशकांवर पसरलेला. आता ०.२५ पीपीबीचं चांगलं दूध आणि १ पीपीबीचं वाईट दूध यांत चौपटीचा फरक आहे. लॉगमध्ये तो ०.६. साताला ०.६ म्हणजे एकूण सिग्नलच्या नऊ टक्क्यांहूनही कमी. आणि हाताने बनवलेल्या दोन इलेक्ट्रोडमधला फरकच आठ-दहा टक्के असतो. म्हणजे जिथे निर्णय घ्यायचाय, नेमकं तिथेच हा सेन्सर आंधळा. मला विचाराल तर सात दशकांची ‘लिनिअर रेंज’ हे कौतुकाचं नाही, काळजीचं लक्षण आहे. मर्यादेच्या आसपास उभा, तीव्र उताराचा वक्र हवा. त्याच्या दोन्ही बाजूंना काय होतं याच्याशी डेअरीला देणंघेणं नाही.

अतिसंवेदनशीलतेचा एक खरा उपयोग मात्र आहे, तो पुढे दुधाबद्दल बोलताना येईल.

हे विष दुधात येतं कुठून, तेही बघू. आस्परजिलस फ्लेवस आणि पॅरासिटिकस या बुरशा मका, शेंगदाणा, सरकी यांवर वाढतात आणि अफ्लाटॉक्सिन बी१ बनवतात. पेंडीतून, गोळीतून किंवा नीट न दाबलेल्या, हवा लागलेल्या मुरघासातून ते जनावराच्या पोटात जातं. यकृतात त्याला एक हायड्रॉक्सिल गट जोडला जातो आणि एम१ तयार होतं. खाल्लेल्या बी१ पैकी साधारण १ ते २ टक्के दुधात उतरतं, जास्त दूध देणाऱ्या गाईंमध्ये ६ टक्क्यांपर्यंतही. खाल्ल्यापासून एका दिवसाच्या आत ते दुधात दिसतं आणि खाद्य बदललं की तीन-चार दिवसांत जवळजवळ नाहीसं होतं. उकळून किंवा पाश्चराइज करून ते जात नाही. केसीन या दुधातल्या प्रथिनाला चिकटत असल्यामुळे पनीर आणि चीजमध्ये किलोमागचं प्रमाण दुधापेक्षा वाढतं.

अफ्लाटॉक्सिनची कथा १९६० साली इंग्लंडमध्ये सुरू झाली. ब्राझीलहून आलेल्या शेंगदाणा पेंडीमुळे एक लाखाहून अधिक टर्की पक्षी मेले आणि रोगाला ‘टर्की एक्स’ असं नाव पडलं. माणसांवरचा तडाखा आपल्याच शेजारी बसला: १९७४ साली राजस्थानातल्या बांसवाडा आणि गुजरातमधल्या पंचमहाल भागात बुरशी लागलेला मका खाऊन शंभरावर माणसं यकृत निकामी होऊन गेली. पण दुधातला धोका असा एकदम समोर येत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेच्या यादीत अफ्लाटॉक्सिन पहिल्या गटात, म्हणजे माणसात नक्की कर्करोगकारक, आहेत आणि हिपॅटायटिस-बी असलेल्या माणसात यकृताच्या कर्करोगाचा धोका ती कितीतरी वाढवतात. पण हे वर्षानुवर्षांचं गणित आहे.

एफएसएसएआयने २०१८ मध्ये देशभर दुधाचं मोठं सर्वेक्षण केलं. ६,४३२ नमुने घेतले. भेसळीची इतकी ओरड असताना आरोग्याला घातक भेसळ फक्त १२ नमुन्यांत सापडली. एम१ मर्यादेबाहेर होतं ३६८ नमुन्यांत, म्हणजे ५.७ टक्के, प्रतिजैविकांचे अवशेष मर्यादेबाहेर ७७ नमुन्यांत. वर्तमानपत्रं युरियावर आणि डिटर्जंटवर रकाने भरतात, आणि खरा प्रश्न पेंडीच्या पोत्यात बसलेला असतो.

आता ‘ग्लुकोमीटरसारखं यंत्र बनवू’ या कल्पनेकडे येतो. नवीन येणारा जवळजवळ प्रत्येक विद्यार्थी हेच म्हणतो, आणि म्हणणं अस्थानी नाही. लेलंड क्लार्क यांनी १९६२ मध्ये एन्झाइमच्या इलेक्ट्रोडची कल्पना मांडली. जैवइलेक्ट्रॉनिक्समधलं सर्वांत यशस्वी घराणं तिथून सुरू होतं, आणि आज दंडावर चौदा दिवस चिकटवायचे सेन्सर त्याच वंशातले आहेत. पण ग्लुकोजला दोन गोष्टींनी हात दिलाय. एक, रक्तात ते भरपूर असतं: पाच मिलिमोलरच्या आसपास. आपल्या एम१ च्या दीड नॅनोमोलरच्या तीस लाख पट. दुसरं, ग्लुकोज ऑक्सिडेज हे एन्झाइम ग्लुकोजमधून स्वतःच इलेक्ट्रॉन काढून देतं. रेणू आला की प्रवाह वाहिला. एम१ आपण होऊन असं काहीच करत नाही. अँटीबॉडी, म्हणजे ठरावीक रेणूच पकडणारं प्रथिन, त्याला धरून ठेवते, बस. वीज निर्माण व्हायची तर मध्ये कुणीतरी खूणकरी लागतो: एन्झाइम, रंगीत कण, नाहीतर घडी बदलणारा डीएनए.

शिवाय रेणू इतका लहान, की दोन अँटीबॉडी त्याला दोन बाजूंनी एकाच वेळी धरू शकत नाहीत. म्हणून चाचणी स्पर्धेची करावी लागते: नमुन्यातलं विष आणि पट्टीवर आधीच बसवलेलं विष एकाच अँटीबॉडीसाठी झगडतात. परिणाम उलटा दिसतो. दूध वाईट असेल तर चाचणीची रेघ फिकट होते किंवा गायब होते. गरोदरपणाच्या किटमुळे सगळ्यांच्या डोक्यात ‘दोन रेघा म्हणजे आहे’ असं बसलंय. इथे दोन रेघा म्हणजे दूध चांगलं. केंद्रावरच्या माणसाला हे पहिल्याच दिवशी समजावून सांगा, भिंतीवर चित्र लावा. पहाटे साडेपाचला कॅनची रांग लागली असताना कुणी माहितीपत्रक वाचत नाही.

पट्टीचा विषय निघालाच आहे तर सांगतो: ‘नॅनो’ डेअरीत कधीच पोचलाय. मोठ्या डेअरीत टँकर आला की पेनिसिलिन गटाच्या अवशेषांसाठी जी पट्टी बुडवतात, तिच्यावरची लाल रेघ बहुधा सोन्याच्या नॅनोकणांची असते. वीस ते चाळीस नॅनोमीटरचे कण, हिरव्या रंगाजवळचा प्रकाश शोषतात म्हणून लाल दिसतात. बनवायची पद्धत १९५१ ची, टुर्केविच यांची: क्लोरोऑरिक आम्लाचं उकळतं द्रावण, त्यात सोडियम सायट्रेट, आणि काही मिनिटांत माणकाच्या रंगाचा द्रव. अँटीबॉडी त्यावर सहज चिकटते, रंग इतका गडद की यंत्राशिवाय डोळ्यांना दिसतो, आणि साखरेबरोबर वाळवून कोरडे ठेवले तर महिनोन्‌महिने टिकतात. यात झगमगाट काही नाही, पण गेल्या पन्नास-साठ वर्षांतल्या नॅनोपदार्थांत इतकं निमूटपणे कामाला आलेलं दुसरं उदाहरण मला तरी पटकन सुचत नाही.

मग प्रतिजैविकाची पट्टी दिसते आणि एम१ ची क्वचितच, असं का? एम१ च्या पट्ट्या बाजारात आहेत, तंत्र तेच आहे. फरक नुकसानीत आहे. कासदाहासाठी सडात सोडलेल्या औषधाचं दूध टँकरमध्ये आलं तर विरजण लागत नाही. दह्याची अख्खी बॅच जाते, चीजची जाते, आणि हा तोटा त्याच दिवशी कंपनीच्या वहीत दिसतो. एम१ असलेल्या दुधाचं दही उत्तम लागतं. चव तीच, वास तोच, फॅट तेवढंच. तोटा कुणाच्याच वहीत येत नाही. आला तर वीस वर्षांनी एखाद्या रुग्णालयाच्या कागदावर, आणि तिथेही कारण लिहिलेलं नसतं. ज्याचा तोटा दिसतो त्याची चाचणी होते. तुमच्या मूळ प्रश्नाचं माझ्या मते हेच मुख्य उत्तर आहे, आणि ग्राफीनने ते बदलत नाही. युरोपात किंवा लहान मुलांच्या आहारात जाणारी दूध भुकटी बनवणाऱ्यांकडे एम१ ची तपासणी नेमाने होते, कारण तिथे परत आलेला माल त्यांच्या वहीत दिसतो.

तरीही सेन्सर बनवायचाच असेल तर दूध समजून घ्या. पदार्थविज्ञानातून येणारे इथेच अडखळतात.

ग्राफीनचा ट्रान्झिस्टर पृष्ठभागाजवळचा विद्युतभार ओळखतो. क्षारांच्या द्रावणात कुठल्याही भाराभोवती उलट भाराचे आयन गोळा होतात आणि त्याचा प्रभाव झाकून टाकतात. या झाकल्या जाणाऱ्या अंतराला डिबाय अंतर म्हणतात. दुधात ते सुमारे एक नॅनोमीटर असतं. अँटीबॉडीची उंची दहाच्या आसपास. म्हणजे घटना घडते दहाव्या नॅनोमीटरवर आणि ट्रान्झिस्टरला ऐकू येतं पहिल्यापर्यंत. त्यात एम१ वर निव्वळ भारच नाही, तो उदासीन रेणू आहे. मग शोधनिबंधांत सिग्नल येतो कुठून? बहुतेक वेळा अ‍ॅप्टामरकडून, म्हणजे ठरावीक रेणू पकडणाऱ्या डीएनएच्या तुकड्याकडून: विष पकडताना तो तुकडा घडी बदलतो आणि त्याचा ऋणभार पृष्ठभागाजवळ किंवा दूर सरकतो. कल्पना सुंदर आहे. पण ती मोजलेली असते एक मिलिमोलरच्या पातळ बफरमध्ये (प्रयोगशाळेतलं क्षारांचं साधं द्रावण), जिथे डिबाय अंतर दहा नॅनोमीटर होतं.

अतिसंवेदनशीलता कामाला येते ती इथे. दूध शंभर पट पातळ केलं की क्षार कमी होतात, केसीन कमी होतं, स्निग्धांश कमी होतो; पण विषही शंभर पट कमी होतं, ०.५ चं ०.००५ पीपीबी. तेवढं नेमकं मोजता आलं तर पातळ करण्याची मुभा मिळते. दोन दशकांची संवेदनशीलता ही अशी खर्च करायची शिल्लक आहे. पाच दशकांची करायची काय, ते मला कुणी सांगितलेलं नाही.

केसीनचे गोळे सरासरी दीडशे नॅनोमीटरचे, स्निग्धांशाचे त्याहून कितीतरी मोठे, आणि दोघांनाही कार्बनचा उघडा पृष्ठभाग फार आवडतो. पाच मिनिटांत इलेक्ट्रोडवर साय धरल्यासारखा थर बसतो आणि प्रवाह घसरतो. विष असो वा नसो. इथे गाय आणि म्हैस वेगळी. गाईच्या दुधात साडेतीन-चार टक्के फॅट, म्हशीच्या सहा ते आठ. परदेशी निबंधांतलं दूध बहुतेकदा दुकानातलं, एकजीव केलेलं, गाईचं, कमी फॅटचं असतं. आपल्याकडे केंद्रावर येणारं दूध कच्चं, कधी मिसळलेलं, उन्हाळ्यात थोडं आंबट झालेलं. रंग बदलण्यावर आधारलेल्या चाचण्यांचंही तेच: पाण्यात सोन्याचे कण एकत्र आले की लालाचं निळं होतं, प्रात्यक्षिकाला छान दिसतं. दुधात केसीन प्रत्येक कणावर आवरण चढवतं आणि कण एकत्र यायलाच तयार होत नाहीत.

म्हणून निबंध वाचताना मी सारांश सोडून आधी एकच गोष्ट शोधतो: नमुना कसला? बफरमध्ये वरून विष टाकलं असेल तर तो रसायनशास्त्राचा प्रयोग झाला. बाजारातल्या दुधात वरून टाकलं असेल तर निम्मी वाट. जनावराने दूषित खाद्य खाल्लं आणि विष नैसर्गिकरीत्या केसीनला चिकटून आलं, अशा दुधावर काम केलं असेल आणि तेच नमुने एचपीएलसी किंवा मास स्पेक्ट्रोमेट्री या प्रयोगशाळेतल्या नेमक्या पद्धतींवर पडताळले असतील, तर मी निबंध छापून ठेवतो. असे फार थोडे निघतात.

आकडेमोडीचा आणखी एक भाग प्रयोगशाळेत कुणी शिकवत नाही. समजा तुमची चाचणी शंभरांतले ९५ वाईट नमुने पकडते आणि शंभरांतल्या ९० चांगल्यांना चांगलं म्हणते. ऐकायला बरी वाटते. आता हजार नमुने घ्या, ५.७ टक्के दूषित धरा. ५७ वाईट, त्यातले ५४ सापडले. ९४३ चांगले, त्यातल्या ९४ वर विनाकारण शिक्का बसला. म्हणजे ‘वाईट’ ठरलेल्या १४८ पैकी ९४ शेतकरी निर्दोष. त्यांचं दूध तुम्ही परत पाठवणार का? पहिल्याच आठवड्यात केंद्रावर भांडणं होतील आणि दुसऱ्या आठवड्यात पट्टी कपाटात जाईल. चाळणी चाचणी चाळणीच राहिली पाहिजे: शिक्का बसलेला नमुना बर्फावर ठेवायचा, मोठ्या प्रयोगशाळेत पाठवायचा, आणि निकाल येईपर्यंत कुणाचं नाव घ्यायचं नाही. ही व्यवस्था नसेल तर सेन्सर कितीही चांगला असो, तो नसलेलाच बरा.

तपासणी कुठे करायची हेही ठरवायला हवं. पाच-सात लिटर दूध घालणाऱ्याच्या पावतीतून पट्टीचा खर्च निघत नाही. टँकरवर केली तर एकाचं २ पीपीबीचं दूध पन्नास जणांच्या दुधात विरघळून दिसेनासं होतं. मला बल्क कूलरची, म्हणजे गावाचं दूध थंड करून साठवणाऱ्या टाकीची, पातळी पटते: गावाचं दूध एकत्र, वीज आहे, थंडावा आहे, शिकलेला माणूस आहे, आणि गावात खाद्य बहुतेक एक-दोन दुकानांतूनच येत असल्यामुळे दूषित लॉट असेल तर तो गावभर दिसतो.

आरोग्याच्या अंगाने एक प्रश्न हमखास येतो: हे नॅनोकण पोटात गेले तर? पट्टीवरचे कण पट्टीवर राहतात. फक्त चाचणीसाठी काढलेलं दूध कॅनमध्ये परत ओतू नये, एवढा नियम पाळा. अन्नात मुद्दाम घातलेल्या कणांची गोष्ट निराळी. टायटॅनियम डायऑक्साइड, म्हणजे मिठायांना आणि च्युइंगगमला पांढरेपणा देणारा ई१७१, २०२१ मध्ये युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने सुरक्षित मानणं थांबवलं, कारण जनुकीय हानीची शक्यता नाकारता येत नव्हती. २०२२ मध्ये तिथे अन्नात त्यावर बंदी आली. ‘नॅनोसिल्व्हरचं कोटिंग असलेला दुधाचा डबा’ वगैरे कुणी विकायला आलं, तर चांदी दुधात किती उतरते याचा अहवाल मागा. बहुतेक जण परत येत नाहीत.

आता तुम्ही काय करावं. मी तुमच्या जागी असतो तर दूध सोडून खाद्याकडे वळलो असतो. हिशोब बघा. पशुखाद्याच्या भारतीय मानकात, आयएस २०५२ मध्ये, बी१ ची मर्यादा २० पीपीबी आहे. गाईने रोज पाच किलो असं खाद्य खाल्लं तर १०० मायक्रोग्रॅम बी१ पोटात. दोन टक्के उतरलं तर २ मायक्रोग्रॅम. दहा लिटर दुधात लिटरमागे ०.२. आपल्या मर्यादेच्या आत, युरोपच्या मर्यादेच्या चौपट. युरोपात दुभत्या जनावरांच्या खाद्याची मर्यादा ५ पीपीबी का आहे, ते याच हिशोबात पाचचा आकडा घालून बघा: उत्तर बरोबर ०.०५ येतं.

म्हणजे खाद्यात मोजायचं प्रमाण दुधापेक्षा चाळीस पट मोठं. फेम्टोग्रॅम नको, पिकोमोलर नको. शिवाय दोष सापडला तर पोतं परत करता येतं; दूध ओतून द्यावं लागत नाही, आणि शेतकरी आरोपी न राहता तक्रारदार होतो. अडचणी दुसऱ्या आहेत. दूध ढवळलं की सारखं होतं, पेंड होत नाही. एखाद्या दाण्यात विषाचा साठा आणि शेजारचे शंभर दाणे स्वच्छ, असं सर्रास असतं. म्हणूनच शेंगदाण्यासाठी कोडेक्सच्या (आंतरराष्ट्रीय अन्नमानकांच्या) पद्धतीत वीस किलोचा नमुना घ्यायला सांगितलाय. नमुना दळायचा, मग ७० टक्के मिथेनॉलमध्ये विष ओढून घ्यायचं. त्या मिथेनॉलमध्ये बहुतेक अँटीबॉडी लंगड्या होतात. हैदराबादजवळच्या इक्रिसॅट या कृषी संशोधन संस्थेने शेंगदाण्यासाठी स्वस्त एलायझा (अँटीबॉडीवर आधारलेली प्रयोगशाळेतली चाचणी) बसवली ती याच वाटेने, अर्क पातळ करून. मिथेनॉल सहन करणारा अ‍ॅप्टामर किंवा साचेबद्ध पॉलिमर (विषाच्या रेणूच्या आकाराचे खळगे असलेलं प्लास्टिक), सोलापूरच्या मे महिन्यात शीतपेटीशिवाय टिकणारा, छापील कार्बन इलेक्ट्रोडवर: हा पीएच.डी.चा विषय आहे, आणि तुमचं पदार्थविज्ञान इथे खरोखर लागेल.

दुधावरच काम करायचं ठरवलंत तर सुरुवातीचे सहा महिने नवा पदार्थ बनवू नका. प्रमाणित संदर्भ नमुना विकत घ्या, साधे छापील इलेक्ट्रोड घ्या, बाजारातली अँटीबॉडी घ्या. घरच्या म्हशीचं सकाळचं कच्चं दूध, ओळखीच्यांच्या गाईंचं दूध, नुकत्याच व्यालेल्या आणि कासदाह झालेल्या जनावराचं दूध वेगवेगळं जमवा. प्रत्येकात ०.२५, ०.५ आणि १ पीपीबी करा, वेगवेगळ्या दिवशी, वेगवेगळ्या बॅचच्या इलेक्ट्रोडवर, आणि नमुना कोणता हे मोजणाऱ्याला न सांगता. हे तीन ढीग एकमेकांत न मिसळता वेगळे पडले तर तुमच्याकडे चाचणी आहे. नाही पडले, तर कुठल्या दुधात आणि कशामुळे मिसळले ते शोधा, आणि त्या कारणावर ग्राफीन उपाय आहे का हे तेव्हा ठरवा.